सुतक, सण आणि व्हेंटिलेटर

घरातला वडीलधारा माणूस अतिदक्षता विभागात शेवटचे श्वास घेत आहे आणि बाहेर बाकड्यांवर बसलेले नातेवाईक, तो गणपतीच्या आधी जातो की नंतर, याचा हिशोब करीत आहेत. राजेश मापुसकर यांच्या ‘व्हेंटिलेटर’ या मराठी चित्रपटाचा डोलारा एवढ्या एका पेचावर उभा आहे. ४ नोव्हेंबर २०१६ रोजी तो प्रदर्शित झाला. (चारच दिवसांनी नोटाबंदी आली आणि सारा देश वेगळ्याच रांगेत उभा राहिला.) पुढे ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मापुसकरांना दिग्दर्शनाचा मान मिळाला, संकलन आणि ध्वनिमिश्रणाचे पुरस्कारही याच चित्रपटाला गेले.

कामेरकर कुटुंब मूळ कोकणातले. गजाननकाका गेले तर सुतक, आणि सुतकात सण कसला? म्हणून काकांनी जगावे ही इच्छा खरी आणि निदान सण निघावा हा हिशोबही तितकाच खरा. आशुतोष गोवारीकरांनी रंगवलेला सिनेदिग्दर्शक पुतण्या, जितेंद्र जोशींनी रंगवलेला, बापाशी न पटलेला मुलगा, जुनी उणीदुणी काढणारी भावकी, सारे त्या कॉरिडॉरमध्ये उघडे पडतात.

याच चित्रपटात सतीश आळेकर दिसतात, तेव्हा आम्हाला त्यांचे ‘महानिर्वाण’ आठवते. १९७४ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकात मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात, आणि जुन्याच स्मशानात दहन हवे या हट्टापायी त्यांचे प्रेत घरात खोळंबून राहते. तिथे मरण आटोपत नव्हते. ‘व्हेंटिलेटर’मध्ये ते मशीनने लांबवले आहे. मधल्या चाळीस वर्षांत मरणाची जागाच घरातून दवाखान्यात गेली.

आणि कोर्टातही गेली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील, असे तत्त्वतः मान्य केले. २०१८ साली इच्छापत्रालाही मान्यता दिली. आपल्या फिकहच्या विद्वानांनी हा प्रश्न त्याआधीच हाताळला होता. १९८६ मध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने, मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचे तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवले असेल तर मशीन काढण्याची मुभा दिली. किती घरांत हे ठाऊक आहे, कोण जाणे. मशीन काढणे म्हणजे खून, असे म्हणणारा एक मामू प्रत्येक खानदानात असतोच.

नेर हे अमरावती–यवतमाळ रस्त्यावरचे गाव. इथला गंभीर पेशंट यवतमाळला किंवा अमरावतीला हलवला की मागून डबे निघतात, चादरी निघतात, आणि वावर कोणाच्या नावावर आहे ही कुजबुजही निघते. सुतक तेवढे आपल्यात नाही. शोक तीन दिवसांचा, विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. मयत झाली म्हणून ईद टळत नाही. तरीही मयतीनंतरची ‘पहिली ईद’ अनेक घरांत फिकी जाते. नवे कपडे नाहीत, शीरखुर्मा शेजारून येतो. शरियतने न घातलेले सुतक आपण रिवाजाने घालून घेतले.

यावर हसणारी कथा मात्र आमच्याकडे क्वचितच लिहिली जाते. राजन खान यांच्या कथेवरचा ‘हलाल’ २०१७ साली पडद्यावर आला तो तलाकचा प्रश्न घेऊन, आणि चित्रपट म्हणून तो चांगलाही आहे. पण मराठी पडद्यावर मुसलमान घर आले की सोबत ‘प्रश्न’ येतो; भांडखोर, लोभी, प्रेमळ, साधे घर येत नाही. त्यात आमचाही हात आहे. बाहेरचे आधीच पुष्कळ हसले आहेत, आता आपण कशाला, या भीतीने आम्ही लेखणी आवरतो. पहिल्या ईदेला शेवया करायच्या की नाही, यावरून दोन जावांत जुंपलेली नेरमध्ये कोणी पाहिली नाही? आणि आत खाटेवरचे अब्बा, कान देऊन, सारे ऐकत पडलेले.