रामदासपेठचा दवाखाना शोधला अन् जाहिराती मागे लागल्या. कुकी म्हणजे काय, फोनमध्ये ती आवरायची कशी?

नागपूर : काटोल असो, उमरेड असो की भिवापूर, मोठ्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की गावात रामदासपेठचं नाव निघतंच. दवाखाने, तपासणी केंद्रं, औषधांची दुकानं या भागात दाटीनं आहेत. पूर्वी लोक गावातल्या जाणत्या माणसाला विचारून निघत. आता आधी मोबाइलवर शोधतात. कोणता डॉक्टर, फी किती, पत्ता कुठला. दोन-चार वेबसाइट पाहून फोन खिशात जातो. दुसऱ्या दिवशी सोयाबीनचा भाव पाहायला भलतीच साइट उघडली, तर तिथे दवाखान्याची जाहिरात समोर येते.

एकट्याचा फोन असेल तर हे फार तर डोक्याला ताप. पण खेड्यात एक फोन घरभर फिरतो. सकाळी बाप भाव पाहतो, दुपारी पोरगी अभ्यास करते, रात्री सून माहेरी व्हिडिओ कॉल लावते. मूल होत नाही म्हणून एखाद्या जोडप्यानं गुपचूप डॉक्टर शोधला असेल, कोणाला मनाचा आजार असेल, कोणी कर्जाची चौकशी केली असेल, तर घरात कोणाला सांगायच्या आधीच जाहिरात ते सांगून टाकते. म्हणून ही गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. सेटिंग दहा मिनिटांत होते आणि त्याला पैसा लागत नाही.

कुकी म्हणजे नेमकं काय?

अनेकांना वाटतं, फोन आपलं बोलणं ऐकतो. जाहिरात मागे लावायला ऐकायची गरजच नसते. ते काम बऱ्याचदा कुकी करते.

दवाखान्यात पहिल्यांदा गेलं की खिडकीवर केसपेपर काढतात, त्यावर नंबर असतो. पुढच्या वेळी तो नंबर सांगितला की तुमची फाइल निघते. कुकीचंही तसंच. वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये अक्षरं-आकड्यांची एक छोटी चिठ्ठी ठेवते. पुन्हा त्या साइटवर गेलं की ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि साइट तुम्हाला ओळखते. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरनं 1994 मध्ये ही युक्ती काढली. कुकी म्हणजे व्हायरस नाही. ती नसेल तर प्रत्येक पानावर नव्यानं पासवर्ड टाकावा लागेल.

गडबड आहे ती परक्याच्या कुकीत. समजा, दवाखान्याच्या दारात, औषधाच्या दुकानात आणि बाजार समितीच्या गेटवर एकाच कंपनीचा माणूस वही घेऊन बसला आहे. तुम्ही कुठे गेला, कधी गेला, तो तुमच्या नंबरासमोर लिहून ठेवतो. त्याला तुमचं नाव ठाऊक नसेल, पण 'या नंबरवाल्याला काय पाहिजे' हे त्याला कळतं. जाहिरात कंपन्या हजारो साइटवर अशा बसलेल्या असतात. त्यांच्या कुकीला 'थर्ड पार्टी कुकी' म्हणतात. साइटची स्वतःची कुकी राहू द्यायची आणि ही परक्याची बंद करायची, एवढंच काम आहे.

आजाराच्या माहितीवरून माणसाच्या मागे जाहिराती लावू नयेत, असा नियम गूगलनं जाहिरातदारांसाठी केला आहे. पण वेबसाइटवर दिसणारी प्रत्येक जाहिरात गूगलची नसते. त्यामुळे आपलं दार आपणच लावलेलं बरं.

क्रोममध्ये काय करायचं?

अँड्रॉइड फोनमध्ये बहुतेकांकडे क्रोम ब्राउझर असतो. खाली दिलेली नावं इंग्रजी मेनूतली आहेत. फोन मराठीत असेल तर नावं मराठीत दिसतील. फोनच्या व्हर्जनप्रमाणे शब्द थोडा इकडे-तिकडे होऊ शकतो.

1. परकी कुकी बंद करा. वर उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा, 'सेटिंग्ज'मध्ये जा. तिथे 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'थर्ड पार्टी कुकीज'. त्यात 'ब्लॉक थर्ड पार्टी कुकीज' निवडा.

2. जुन्या कुकी साफ करा. तीन टिंबं, मग 'डिलीट ब्राउझिंग डेटा'. आधी फक्त शेवटची 15 मिनिटं दिसतात, म्हणून 'मोअर ऑप्शन्स' दाबा आणि वेळ 'ऑल टाइम' करा. 'कुकीज अँड साइट डेटा'वर खूण राहू द्या. 'सेव्ह्ड पासवर्ड्स'वर खूण असेल तर ती काढा, नाहीतर साठवलेले पासवर्डही जातील. सफाईनंतर बहुतेक साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं, म्हणून पासवर्ड आधी वहीत उतरवून ठेवा.

3. उड्या मारणारी पानं थांबवा. 'सेटिंग्ज'मध्ये 'साइट सेटिंग्ज', त्यात 'पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स' बंद ठेवा. त्याच यादीत 'इन्ट्रुसिव्ह ॲड्स' आहे, तेही बंदच ठेवा. फार त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या साइटवरच्या जाहिराती क्रोम स्वतः अडवतो. जुलै 2019 पासून ही सोय जगभर आहे.

आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये परकी कुकी 2020 पासून मुळातच बंद असते. फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकीला वेगळ्या डब्यात ठेवतो, त्यामुळे एका साइटची चिठ्ठी दुसरीकडे चालत नाही. जाहिराती अडवणारं ॲड-ऑन अँड्रॉइडच्या क्रोममध्ये बसत नाही, फायरफॉक्समध्ये बसतं. ब्रेव्ह ब्राउझरमध्ये ही सोय आधीपासूनच असते.

मात्र एक लक्षात असू द्या. बातमी, हवामान, बाजारभाव फुकट वाचायला मिळतात, त्यातल्या बऱ्याच साइट जाहिरातीच्या पैशावर चालतात. ज्या साइटवर विश्वास आहे, तिथे साधी जाहिरात दिसू दिली तर बिघडत नाही.

'अलाऊ' दाबलं, तिथेच चुकलं

फोन बाजूला ठेवलेला असतानाही 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे', 'तुम्हाला बक्षीस लागलं' असे मेसेज वरून घसरत येतात. त्याचा कुकीशी संबंध नाही. कधीतरी एखाद्या साइटनं 'नोटिफिकेशन दाखवू का?' असं विचारलं आणि घाईत 'अलाऊ' दाबलं गेलं, त्याचं हे फळ. काही साइट तर 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' असं सांगून फसवतात.

दिलेली परवानगी काढून घेता येते. क्रोमच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'साइट सेटिंग्ज', तिथे 'नोटिफिकेशन्स'. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती एकेक उघडून बंद करा. असा मेसेज आला तर तो उघडू नका. त्यावर बोट दाबून धरलं की तो बंद करायचा पर्याय तिथेच मिळतो.

कुकीची पट्टी आली तर काय दाबायचं?

अनेक साइट उघडल्याबरोबर खाली पट्टी येते, 'ॲक्सेप्ट ऑल'. ही पद्धत युरोपातल्या कायद्यांमुळे पसरली. वाचायचा कंटाळा येतो म्हणून लोक मोठं, रंगीत बटण दाबून मोकळे होतात. त्याऐवजी 'रिजेक्ट ऑल' किंवा 'ओन्ली नेसेसरी' असं बटण शोधा. ते बारीक अक्षरात असतं. ते दाबलं तरी साइट साधारणपणे चालते, कारण कामाची कुकी तशीही राहते.

सरकारी कामाचं काय?

कास्तकारांची खरी भीती ही, की सेटिंग बदललं तर सातबारा किंवा महाडीबीटी उघडणार नाही. लॉगिन टिकतं ते साइटच्या स्वतःच्या कुकीवर, आणि ती आपण बंद करत नाही. काही साइटवर पावती किंवा पीडीएफ नव्या खिडकीत उघडते, ती मात्र अडू शकते. डिजिटल सातबाऱ्याचे 15 रुपये भरले आणि कागद दिसला नाही, तर पुन्हा पैसे भरायची घाई करू नका. पॉप-अप अडवल्याचा मेसेज स्क्रीनवर आला आहे का ते पाहा आणि त्या एका साइटपुरती परवानगी द्या. पैसे भरायचं पानच अडलं, तर पत्त्याच्या पट्टीत डावीकडे असलेल्या चिन्हावर दाबून परकी कुकीही त्या साइटपुरती चालू करता येते.

सेवा केंद्रात किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करताना उलटी काळजी घ्या. लॉगआउट न करता उठलं तर कुकी तिथेच राहते आणि मागून बसणाऱ्याला तुमचं खातं उघडं मिळू शकतं. तिथे 'इनकॉग्निटो' खिडकी उघडायला सांगा. सगळ्या इनकॉग्निटो खिडक्या बंद केल्या की त्यातल्या कुकी पुसल्या जातात. घरच्या एका फोनवर खाजगी आजार शोधायचा असेल, तेव्हाही हाच रस्ता. मात्र इनकॉग्निटोमुळे तुम्ही त्या साइटपासून किंवा नेट देणाऱ्या कंपनीपासून लपत नाही.

यानं काय थांबत नाही?

जाहिराती कमी होतीलच असं नाही, पण मागे लागणाऱ्या कमी होतील. सोयाबीनच्या पानावर बियाण्याची जाहिरात येईल, कारण ती पानावरचा मजकूर पाहून येते. यूट्यूब, फेसबुक तुम्हाला तुमच्या खात्यावरून ओळखतात, तिथे कुकीचं सेटिंग पुरत नाही. गूगल खात्यात 'माय ॲड सेंटर' उघडून 'पर्सनलाइज्ड ॲड्स' बंद करा. यूट्यूबलाही ते लागू होतं.

ॲपमधल्या जाहिराती फोनच्या जाहिरात आयडीवर चालतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'गूगल', मग 'ॲड्स', तिथे 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ॲड्स' टाका.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती मागताना कशासाठी ते स्पष्ट सांगावं लागेल, मराठीतून वाचायचा पर्याय द्यावा लागेल, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती परत घेणंही सोपं ठेवावं लागेल.

जाहिरातीवरून फसवणूक झाली, खात्यातून पैसे गेले, तर वाट पाहू नका. लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मधे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आज एवढं करा

परकी कुकी बंद, जुन्या कुकी साफ, अनोळखी नोटिफिकेशन बंद. स्वतःच्या फोनमध्ये झालं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्येही करून द्या. 'व्हायरस आहे' असं वाचून घाबरणारे आणि त्यावर दाबणारे बऱ्याचदा तेच असतात.