व्यावसायिक संगणकांवरील अनिष्ट पुनरावर्ती कॉल : कारणे आणि प्रतिबंध

आयबीएम कंपनीने २१ जून १९८८ रोजी ‘एएस/४००’ हा मध्यम क्षमतेचा व्यावसायिक संगणक जाहीर केला. पुढे त्याचे नाव अनेकदा बदलले. त्याची कार्यप्रणाली आज ‘आयबीएम आय’ म्हणून ओळखली जाते. ऑर्डर, मालसाठा, बिले, खातेवही अशी दैनंदिन कामे करणारे यावरील पुष्कळसे प्रोग्राम आरपीजी भाषेत लिहिलेले आहेत. या प्रोग्रामांना जडलेल्या जुन्या दुखण्यांपैकी एक म्हणजे अनिष्ट पुनरावर्ती कॉल. एखादा प्रोग्राम पूर्ण होण्याआधीच त्याला थेट किंवा आडवळणाने पुन्हा बोलावले जाणे, असा त्याचा अर्थ.

अडचण कशी उद्भवते?

एका प्रोग्रामने दुसऱ्याला बोलावले की संगणक त्यांची नावे एकावर एक रचत जातो. या चळतीला ‘कॉल स्टॅक’ म्हणतात. ऑर्डर नोंदविणारा कर्मचारी एक कळ दाबून ग्राहकाची माहिती उघडतो, तेथून मालाची चौकशी करतो आणि त्या पडद्यावरून पुन्हा ऑर्डर नोंदणीकडे वळतो. त्याच्या दृष्टीने हा साधा फेरफटका असतो. चळतीत मात्र ऑर्डर नोंदणीचा प्रोग्राम तळाशी अर्धवट स्थितीत थांबलेला असतो.

पारंपरिक आरपीजी प्रोग्रामची चल मूल्ये आणि फाइलींची स्थिती स्थिर स्मृतीत, एकाच प्रतीत राहते. दुसरा प्रवेश मिळाला, तर तो पहिल्याची अर्धवट माहिती पुसून टाकील. म्हणून यंत्रणा असा कॉल नाकारते आणि ८८८८ क्रमांकाचा त्रुटिसंदेश दाखविते. हा नकार वस्तुतः संरक्षणच आहे. पण संदेशाचा अर्थ न कळलेल्या कर्मचाऱ्याने काम रद्द करण्याचा पर्याय निवडला, की भरत आणलेली ऑर्डर हातची जाण्याची भीती असते.

येथे एक गल्लत टाळावी. काम आटोपून परतलेला, परंतु स्मृतीत सज्ज ठेवलेला प्रोग्राम चळतीत नसतो. त्याला पुन्हा बोलावणे हे पुनरावर्तन नव्हे.

तपासणी कोठे करावी?

नकार प्रवेशद्वारावरच मिळतो. प्रोग्रामची पहिली ओळसुद्धा चालत नाही. त्यामुळे प्रोग्रामच्या आत स्वतःची तपासणी लिहिणे निरुपयोगी ठरते. ती बोलावणाऱ्याने कॉलपूर्वी करावी, किंवा मध्ये सीएल भाषेतील छोटा प्रोग्राम ठेवून त्याच्यावर सोपवावी. सीएल प्रोग्रामला पुनरावर्ती कॉलची मुभा असते.

तपासणीचे मार्ग तीन. पहिला, खुणेचा : प्रोग्राम सुरू होताना कामाच्या १०२४ अक्षरांच्या स्थानिक डेटा क्षेत्रात खूण करावी आणि संपताना ती पुसावी. हा मार्ग सोपा, पण कच्चा आहे. प्रोग्राम अवचित कोसळला, तर खूण तशीच राहते आणि चळत रिकामी असतानाही दार बंद भासते. दुसरा, संदेशाचा : त्या प्रोग्रामच्या नावे एक संदेश पाठवावा. तो पोहोचला, तर प्रोग्राम चळतीत आहे. रांग सापडली नाही, तर नाही. पोहोचलेला संदेश लगेच काढून टाकावा. तिसरा, थेट वाचनाचा : कॉल स्टॅक वाचून देणारी प्रणालीची सेवा वापरावी; अलीकडच्या आवृत्त्यांत हेच काम एसक्यूएलनेही होते. यात प्रोग्रामबरोबर त्याच्या लायब्ररीचेही नाव मिळत असल्याने समान नावाच्या दोन प्रोग्रामांत घोटाळा होत नाही. शेवटचे दोन मार्ग अधिक विश्वसनीय, कारण ते प्रत्यक्ष चळतीलाच विचारतात.

प्रोग्राम चळतीत आढळल्यास कॉल करू नये. ‘हा पडदा आधीच उघडा आहे, एफ-१२ दाबून मागे जा’ अशी स्पष्ट सूचना द्यावी.

परवानगी म्हणजे उपाय नव्हे

आधुनिक आरपीजीतील उपप्रक्रियांना पुनरावर्तन करता येते, कारण प्रत्येक कॉलला स्थानिक चल मूल्यांची नवी प्रत मिळते. २००८ च्या ६.१ आवृत्तीपासून मुख्य प्रक्रियाही त्याच धर्तीवर लिहिता येते. तथापि, सामायिक चल मूल्ये आणि सामायिक फाइली एकच राहतात. फाइल स्वतंत्रपणे उघडली, तरी पहिल्या फेरीने बदलासाठी अडवून ठेवलेली नोंद दुसऱ्या फेरीला बदलता येत नाही. कर्मचारी स्वतःच्याच कामाने अडतो. शिवाय गणिती पुनरावर्तनाला कोठे थांबायचे हे ठरलेले असते, पडद्यांवरील भ्रमंतीला तशी सीमा नसते. म्हणून कोणत्या पडद्यावरून कोठे जाता येईल, याचा नकाशा आधी आखावा आणि जेथे वाट वळून मूळ स्थानी येते, तेथे कॉलपूर्व तपासणी ठेवावी.