लेबल मर्लोचं, आत कार्मेनेर

मागच्या शनिवारी आम्ही चौघं जमलो होतो. नियम सोपे होते. प्रत्येकाने एक रेड वाईन आणायची, ती सुपरमार्केटच्या सगळ्यात खालच्या फळीवरचीच हवी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवायची. आधी चाखायची, मग कागद काढायचा. स्वैपाक माझ्याकडे: पीठ पेरलेली ढोबळी मिरची, भरली वांगी आणि कबाब.

तिसऱ्या बाटलीला एकजण म्हणाला, "अरे, हिला तुझ्या भाजीचा वास येतोय!" खरंच येत होता. ढोबळी मिरची चिरताना जो हिरवा वास सुटतो ना, अगदी तोच. मागून थोडा धूर, थोडं जांभूळ. कागद काढला तर चिलीची कार्मेनेर.

या वासाची गोष्ट भन्नाट आहे. आणि आमच्या धंद्यातल्या मंडळींना तर ती हटकून आवडेल, कारण ही एका चुकलेल्या नावाची गोष्ट आहे.

कार्मेनेर मूळची फ्रान्समधल्या बॉर्डोची. कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो वगैरे नावं आज सगळ्यांना माहीत असतात, पण एकेकाळी मेदोक भागात त्यांच्या बरोबरीने हीसुद्धा लावली जायची. शरद ऋतूत हिची पानं लालभडक होतात, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. स्वभावाने मात्र नखरेल. फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड-पावसाळी असली की गळ होते, घडात मणीच धरत नाहीत.

मग 1860च्या दशकात अमेरिकेतून फायलॉक्सेरा नावाची कीड फ्रान्समध्ये पोचली. मुळांवर जगणारा हा मव्यासारखा इवलासा किडा. पुढच्या काही दशकांत त्याने देशभरातल्या द्राक्षबागा झोपवल्या. उपाय सापडला तो कलमाचा. अमेरिकन वेलींच्या मुळांना ही कीड सोसते, म्हणून मूळ अमेरिकन आणि वर फांदी फ्रेंच. (आपले नाशिक-सांगलीचे बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात ना, तोही अमेरिकन खुंटच. त्यांचं कारण वेगळं, पाण्याचा ताण आणि खारट जमीन.) आता सगळी बाग नव्याने लावायचीच आहे, तर नखरेल वाण कोण लावणार? बॉर्डोवाल्यांनी कार्मेनेरला जवळजवळ सोडूनच दिलं. ती संपली असंच पुढे लोक धरून चालले.

पण बॅकअप होता! कुणी मुद्दाम ठेवला नव्हता, पण होता. 1851 साली सिल्वेस्त्रे ओचागाविया या चिलीतल्या श्रीमंत जमीनदाराने फ्रान्सहून उंची वाणांची कलमं मागवली होती. त्या काळात चिलीत आलेल्या वेलींमध्ये मर्लोच्या सोबतीने कार्मेनेरही होती. पूर्वेला अँडीज, उत्तरेला अताकामाचं वाळवंट, पश्चिमेला पॅसिफिक.. फायलॉक्सेरा तिथे आजवर पाय रोवू शकलेला नाही. वेली स्वतःच्याच मुळांवर वाढतात, उन्हाळा कोरडा, पाणी अँडीजच्या बर्फाचं. कलमाचा खर्च वाचतो, रोगही कमी. चिलीची वाईन खालच्या फळीवर परवडते त्यात या भूगोलाचाही हात आहे.

गडबड झाली ती नावात. दोन्ही वेली दिसायला सारख्या, एकाच बागेत मिसळून लावलेल्या. हळूहळू सगळ्यांनाच 'मर्लो' म्हणायला लागले. काही वेली उशिरा पिकतात, त्यांची वाईन जरा वेगळीच लागते, हे लोकांना दिसत होतं. पण उत्तर तयार होतं: आमच्याकडची मर्लो अशीच असते. बग नाही, फीचर आहे :)

आता चुकीच्या नावाने बिघडतं काय? तर तोडणीची तारीख. कार्मेनेर मर्लोपेक्षा दोन-चार आठवडे उशिरा पिकते. मर्लोच्या वेळापत्रकाने तोडली तर ती कच्ची असते, आणि कच्च्या द्राक्षात मेथॉक्सिपायराझिन भरपूर असतं. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारी द्रव्यं याच कुळातली. म्हणजे वेलीत काही खोट नव्हती, तिला दुसरीचं वेळापत्रक लावलं होतं.

24 नोव्हेंबर 1994. नोव्हेंबर म्हणजे तिकडचा वसंत, वेली फुलोऱ्यावर. मोंपेलियेचे वेल-तज्ज्ञ ज्याँ-मिशेल बूर्सिको एका परिषदेसाठी चिलीत आले होते. मायपो खोऱ्यात कार्मेन वायनरीची बाग बघताना 'मर्लो'च्या फुलापाशी ते थांबले. पुंकेसर पीळ पडल्यासारखे. हे मर्लोचे नव्हेत, ही कार्मेनेर.

बागवाल्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. 1991 साली अमेरिकेत '60 मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने रेड वाईन आणि हृदयाचा संबंध जोडल्यावर तिथे मर्लो धडाक्याने खपत होती. चिलीचीही निर्यात जोरात. आणि आता सांगायचं की आमची बरीचशी मर्लो मर्लोच नाही, ज्या नावाला गिऱ्हाईक नाही अशी कुठलीतरी वेल आहे! तरीही हळूहळू वेली वेगळ्या केल्या, तोडणी उशिरा सुरू केली. 1998 साली चिली सरकारने कार्मेनेरला वेगळं वाण म्हणून मान्यता दिली. आज ती चिलीची ओळख आहे, आणि जगातली सगळ्यात मोठी लागवडही बहुधा तिथे किंवा चीनमध्येच असेल असं जाणकार मानतात. मूळ गावी बॉर्डोत ती जेमतेम नावापुरती.

आता जेवणाचं. नीट पिकली तरी या वाईनमध्ये हिरव्या वासाची एक छटा राहतेच, आणि तीच ताटात कामाला येते. चिलीत ती एम्पनादाबरोबर घेतात, म्हणजे खिमा-कांदा-जिरं भरलेली मोठी करंजीच. आमच्याकडे ढोबळी मिरचीशी तर सख्खं नातं निघालं. भाजलेल्या वांग्याचा धूर, जिरं, कबाब, सगळ्याशी जमलं. तुरटपणा बेताचा असल्यामुळे भरल्या वांग्यातल्या तिखटाशीही भांडली नाही. जास्त तुरट वाईन आणि तिखट एकत्र आलं की तोंडात नुसती आग होते, अनुभव आहे. फक्त फार आंबट काही बरोबर ठेवू नका. टोमॅटोच्या कोशिंबिरीपुढे बिचारी अगदी सपक लागली.

असो. चौथ्या बाटलीचा कागद काढला तर तीही चिलीचीच, मर्लो. मग काय, दोन्ही ग्लास शेजारी ठेवून, डोळे मिटून परीक्षा घेतली. चौघांपैकी तिघं नापास, त्यात मीही. फार वाईट वाटून घेतलं नाही. बूर्सिकोंनीसुद्धा फूल बघून ओळखली होती, चव घेऊन नाही.