घसारा वजा जाता

कॉमर्सच्या पुस्तकात घसारा नावाचं एक प्रकरण असतं. बाकीची प्रकरणं परीक्षेनंतर विसरता येतात. घसारा मात्र जन्मभर पाठ सोडत नाही. टेबल घ्या, खुर्ची घ्या, तिजोरी घ्या. वस्तू दुकानातून बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते आणि ती किती उतरली हे दर 31 मार्चला कुणीतरी कारकून निर्विकारपणे लिहून ठेवतो. उतरण्याच्या दोन रीती शास्त्रसंमत आहेत. स्थिर हप्ता पद्धतीत दर वर्षी सारखी रक्कम कापायची. घटत्या शिल्लक पद्धतीत जे उरलं असेल त्यावर टक्केवारीनं कापायचं, म्हणजे वस्तू कधीच पुरती शून्य होत नाही. (आमच्या शाखेतला एक पंखा दुसऱ्या पद्धतीवर आहे. दर वर्षी थोडा कमी फिरतो, पण थांबत मात्र नाही.)

या प्रकरणात माणसाचा घसारा कसा काढावा हे कुठंच दिलेलं नाही. आपलं त्यावाचून अडत नाही. आमच्या बँकेत चाळिशीच्या माणसाला 'तरुण रक्त' म्हणतात. पण अमेरिकेत दर वर्षी ऑगस्ट महिन्यात शहाणीसुरती, पगारदार, बायकामुलांची माणसं याच एका प्रश्नापाशी अडून बसतात. अमुक एक क्वार्टरबॅक फार मोठा खरा, पण आता चाळिशीला टेकला. यंदाच्या ड्राफ्टमध्ये याला कितव्या फेरीत घ्यावा?

आता क्वार्टरबॅक म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडूला पाय अधूनमधूनच लागतो. एरवी तो हातात असतो, आणि ज्याच्या हातात असतो त्याच्या अंगावर समोरचे लोक येऊन पडतात. अकरा जणांतला कर्ता पुरुष म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू प्रथम त्याच्याकडे येतो. मग तो कुणा पळणाऱ्याच्या हाती देतो किंवा लांब धावत सुटलेल्या गड्याकडे फेकतो. चेंडू पलीकडच्या टोकाला पोचला की टचडाउन, सहा गुण. वाटेत प्रतिपक्षानं झेलला तर इंटरसेप्शन, म्हणजे आपण लिहिलेला चेक भलत्यानंच वटवून घ्यावा तसं. आणि लाथ मारून दोन खांबांमधून घालवला तर फील्ड गोल, तीन गुण. उभ्या खेळात 'फुट' एवढाच.

फँटसी फुटबॉल समजायला याहून सोपं. लहानपणी गल्लीत दोन कॅप्टन आळीपाळीनं नावं पुकारून गडी वाटून घेत आणि शेवटी एक लिंबूटिंबू उरत असे (तो कोण, हे इथं सांगायचं कारण नाही). ड्राफ्ट म्हणजे तेच. फरक इतकाच की इथं कॅप्टन आठ, दहा, बारा असतात आणि वाटून घेतलेले गडी त्यांना ओळखतही नाहीत. ते आपापल्या खऱ्या संघांतून खेळतात आणि त्यांच्या पराक्रमाचे गुण तुमच्या खात्यावर जमा होतात. मोबाइलवर क्रिकेटची टीम लावणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: तिकडं कोहली एकाच वेळी हजारोंच्या टीममध्ये असू शकतो, इथं एकानं उचलला की बाकीच्यांनी हात चोळायचे. त्यामुळे माणसाची किंमत ठरवणं भागच पडतं.

या खेळाचा शोध 1962 साली लागला, आणि पुष्कळ शोधांप्रमाणे तो वैतागातून लागला. ओकलंड रेडर्स नावाचा संघ पूर्वेकडच्या दौऱ्यावर होता. त्या मोसमात हा संघ ओळीनं तेरा सामने हरला आणि चौदावा जिंकला. तेव्हा रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख, संघाचे प्रसिद्धीप्रमुख बिल टनेल आणि 'ओकलंड ट्रिब्यून'चे वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग हे तिघं न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसले असताना आपल्या संघाबद्दल बोलण्यासारखं फारसं काही उरलं नसणार, हे उघड आहे. विंकेनबाखनी आधी गोल्फपटू वाटून घेण्याचा असाच एक खेळ काढला होता. तोच फुटबॉलला लावायचा ठरला. नियम लिहिले, मंडळ स्थापन केलं आणि त्याला नाव दिलं 'ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग'. आमच्या कर्मचारी पतपेढीच्या नावाला मी आजवर जगातलं सर्वांत लांब नाव समजत होतो.

पहिला ड्राफ्ट 1963 च्या ऑगस्टमध्ये विंकेनबाख यांच्या घरी झाला. आठ संघ. अँडी मुसालिमास नावाच्या गृहस्थांनी या खेळाच्या इतिहासातलं पहिलंवहिलं नाव पुकारलं: जॉर्ज ब्लँडा, क्वार्टरबॅक, ह्यूस्टन ऑइलर्स.

या ब्लँडाचं प्रकरण कर्जखात्याकडे आलं असतं तर काय झालं असतं, ते मी सांगू शकतो. वय: सप्टेंबरात 36 पूर्ण. पूर्वेतिहास: 1959 साली शिकागोच्या संघानं फक्त लाथा मारण्यापुरतं ठेवायचं ठरवल्यामुळे एक वर्ष घरी. 1961 मध्ये 36 टचडाउन पास, म्हणजे उत्तम. 1962 मध्ये 42 इंटरसेप्शन. एका मोसमात इतके चेक दुसऱ्यांना वटवू देण्याचा हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. शेरा: प्रस्ताव नामंजूर.

आणि त्याच क्षणी जिम ब्राऊन शिल्लक होता! क्लीव्हलंडचा पळणारा गडी, वय 27, अंगापिंडानं असा की त्याला अडवायला तिघं लागत. त्या 1963 च्या मोसमात तो 1,863 यार्ड धावला आणि हा आकडा पुढे दहा वर्षं कुणी ओलांडला नाही. म्हणजे मुसालिमास यांनी नवी कोरी गाडी सोडून जुना ट्रक उचलला, असं कुणीही म्हणेल.

पण थांबा. ओकलंडच्या नियमांत नुसत्या धावलेल्या यार्डांना कवडीची किंमत नव्हती. फलकावर गुण चढले तरच जमा. आणि ब्लँडा नुसता फेकत नसे, लाथाही तोच मारी. टचडाउनचा पास त्याचा आणि त्यानंतरची जादा गुणाची लाथही त्याचीच. एका पगारात दोन हुद्दे! त्या वर्षी त्यानं 24 टचडाउन पास टाकले. (इंटरसेप्शन 25. सुधारणा म्हणायची.) सांगायचा मुद्दा असा की माणसाची किंमत माणसात निम्मीच असते, उरलेली निम्मी हिशेबाच्या नियमांत असते. एकाच फ्लॅटची किंमत कर्जासाठी एक, स्टँप ड्यूटीसाठी दुसरी आणि मेहुण्याला सांगताना तिसरी असते, हे आपण रोज पाहतो.

खरी गंमत पुढंच आहे. तरणाबांड ब्राऊन 1965 च्या मोसमानंतर पुन्हा मैदानात उतरला नाही. ऐन भरात, तिशीत, लंडनला सिनेमाचं चित्रीकरण चालू असताना त्यानं निवृत्ती जाहीर केली. आणि जुना ट्रक? 1967 साली ह्यूस्टननं त्याला सोडलं तेव्हा त्याला उचलला कुणी, तर ओकलंडनं! 1970 च्या मोसमापूर्वी ओकलंडनंही त्याला एकदा यादीतून काढलं आणि परत घेतलं. मग 43 वर्षांच्या या माणसानं लागोपाठच्या पाच सामन्यांत असा काही हात आणि पाय चालवला की चार जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. कॅन्सस सिटीविरुद्ध तीन सेकंद उरले असताना 48 यार्डांवरून लाथ. पुढच्याच आठवड्यात क्लीव्हलंडविरुद्ध पुन्हा तीन सेकंद उरले असताना 52 यार्डांवरून. तो शेवटचा सामना खेळला 1976 च्या जानेवारीत. वय 48, मोसम सव्वीसावा.

म्हणजे 1963 च्या त्या ऑगस्टमध्ये पुढचे मोसम मोजले असते तर ब्राऊनचे तीन उरले होते आणि ब्लँडाचे तेरा. हे त्या खोलीत कुणी बोललं असतं तर त्याला घरी नेऊन झोपवलं असतं.

माझा या सगळ्याशी संबंध येतो तो दिनूमुळे. दिनू माझा मावसभाऊ, सॅन होजेला कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यांच्या ऑफिसातली बारा माणसं मिळून दर वर्षी हा खेळ खेळतात. 2015 च्या ऑगस्टमध्ये त्यानं मला रात्री साडेअकराला फोन करून विचारलं, "दादा, घसारा कसा काढतात रे?" मला वाटलं गाडी विकतोय. तर तो पेटन मॅनिंग घ्यायच्या विचारात होता.

मॅनिंगचा खातेउतारा पाहण्यासारखा आहे. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे 2011 चा मोसम पूर्ण बुडाला. जुन्या संघानं सोडलं. 2012 मध्ये डेन्व्हरकडून 37 टचडाउन पास. 2013 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, 55 टचडाउन आणि 5,477 यार्ड. दोन्ही विक्रम, दोन्ही अजून उभे. 2014 मध्ये 39 टचडाउन. मी दिनूला दोन्ही पद्धती समजावून सांगितल्या. त्यानं दोन्हींनी हिशेब केला, दोन्हींनी पंचवीस-तीस टचडाउनच्या आसपास आकडा आला, आणि त्यानं मॅनिंग घेतला.

त्या वर्षी मॅनिंगचे टचडाउन झाले नऊ. इंटरसेप्शन सतरा.

इथं पुस्तक थिटं पडतं. खेळाडूचा घसारा हप्त्यानं येत नाही. ब्रेट फार्वचं पाहा. दोनदा निवृत्त होऊन परत आलेला हा माणूस 2009 च्या मोसमात चाळिशीत शिरला आणि त्यानं 33 टचडाउन पास टाकले, इंटरसेप्शन फक्त सात. पुढच्याच वर्षी 11 आणि 19. एका वर्षात कुठलं यंत्र असं बसतं? यंत्र खडखडतं, तेल मागतं, आधी सूचना देतं. हा मात्र मार्चअखेर पूर्ण किमतीला उभा आणि दिवाळीला भंगारात. ड्राफ्टवाल्याची अडचण हीच की दोन्ही उतारे ऑगस्टमध्ये अगदी सारखे दिसतात.

15 नोव्हेंबर 2015 ची तारीख दिनूच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे की ती मला सासऱ्यांच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ आहे. त्या दिवशी कॅन्सस सिटीविरुद्ध मॅनिंगनं कारकिर्दीतल्या एकूण यार्डांचा फार्वचा विक्रम मोडला. टाळ्या झाल्या. त्याच सामन्यात त्यानं वीस पास टाकले, पाच पोचले, यार्ड 35, इंटरसेप्शन चार, आणि प्रशिक्षकानं त्याला बाहेर बसवलं. पंचवीस यार्डांना एक गुण आणि इंटरसेप्शनला वजा दोन, या नेहमीच्या हिशेबानं दिनूच्या खात्यात वजा साडेसहाच्याही खाली रक्कम पडली. ओव्हरड्राफ्ट! जगात सर्वांत जास्त यार्ड ज्याच्या नावावर, तो माणूस त्या आठवड्यात जागा रिकामी ठेवण्यापेक्षाही महाग पडला. सोमवारी दिनूनं त्याला यादीतून काढून टाकलं.

आणि 2016 च्या फेब्रुवारीत त्याच मॅनिंगनं सुपर बोल जिंकला. त्या अंतिम सामन्यात त्याचे यार्ड 141, टचडाउन पास एकही नाही. बचावफळीनं जिंकून दिलं म्हणा, पण करंडक त्याच्या हातात होता. फँटसीचा मोसम डिसेंबरातच मिटलेला. दिनू म्हणाला, "टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या रे दादा." नोव्हेंबरात त्यानंच त्या माणसाला काय काय म्हटलं होतं, ते इथं छापण्याजोगं नाही.

दुसरीही एक बाजू आहे, आणि ती शुद्ध बाजारभावाची. खरे संघ बत्तीस, म्हणजे क्वार्टरबॅक बत्तीस. दिनूच्या मंडळात माणसं बारा आणि प्रत्येकाला एका वेळी एकच क्वार्टरबॅक खेळवता येतो. गरज बाराची आणि माल बत्तीसचा! उलट पळणारे गडी प्रत्येकाला दोन-दोन लागतात, धड उरतात थोडे आणि तिशी गाठायच्या आत बहुतेकांचे गुडघे बोलायला लागतात. तेव्हा क्वार्टरबॅकची किंमत त्याच्या एकूण गुणांवर नाही, तर फुकटात मिळणाऱ्या तेराव्या क्वार्टरबॅकपेक्षा तो किती जास्त देतो, त्यावर. समजा पहिल्याचे 380 आणि तेराव्याचे 300. तर तुम्ही पहिल्या फेरीत मोजता ते फक्त ऐंशीसाठी. उरलेले तीनशे कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. नावलौकिक ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला लिहितात खरा, पण त्याचे गुण कुणी देत नाही.

हे सगळं दिनूला पाठ आहे. तो इंजिनिअर आहे, त्याच्याकडे तक्ते आहेत. पण टॉम ब्रेडीनं 44 व्या वर्षी, 2021 मध्ये, 5,316 यार्ड आणि 43 टचडाउन काढून सगळ्या तक्त्यांना पुन्हा कोड्यात टाकलं. मग निवृत्ती जाहीर केली, चाळीस दिवसांनी मागं घेतली आणि पुढच्या मोसमात 25 वर आला. 2023 मध्ये दिनूच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं एरन रॉजर्स घेतला. वय 39, नवा संघ, मोठा गाजावाजा. 11 सप्टेंबरला मोसमातल्या पहिल्या सामन्यात त्याच्या वाट्याला चार चाली आल्या, चौथीला टाचेची शीर तुटली आणि मोसम संपला. त्या गृहस्थांच्या खात्यात शून्य जमा झालं.

पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा फोन.

"दादा, यंदा काय करू?"

"क्वार्टरबॅकची घाई करू नकोस. तेराव्याच्या आसपासचा कुणीतरी घे."

"आणि मोठ्यांपैकी एखादा म्हातारा?"

"दहाव्या फेरीपर्यंत उरला तर घे. तिथं तोटा नाही."

"उरत नाही रे तो," दिनू म्हणाला. "चौथ्या-पाचव्या फेरीतच कुणीतरी उचलतो."

"कोण?"

"दर वर्षी वेगळा असतो."