उपाशी ससा आणि खिशातली खडीसाखर

इन्सुलिनच्या सिरिंजवर आखलेल्या रेघांमागे एक उपाशी ससा आहे. मधुमेहींच्या मनातल्या एका जुन्या भीतीचा उगमही तिथेच सापडतो. (थ्रेड)

१९२१-२२ चा हिवाळा, टोरांटो. बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून काढलेला अर्क शुद्ध करण्याचे काम जेम्स कॉलिप यांच्याकडे होते. अर्क टोचलेल्या सशांना अचानक आचके येऊ लागले. ग्लुकोज देताच तेच ससे सावरून बसले. औषध आणि त्याचा धोका यांची ओळख अशी एकदमच झाली.

मात्रा मोजायची कशी, हा पुढचा प्रश्न. उत्तरही सशानेच दिले. २४ तास उपाशी ठेवलेल्या सुमारे दोन किलोच्या सशाची रक्तशर्करा चार तासांत आचक्यांच्या पातळीपर्यंत, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत, उतरवणारी मात्रा म्हणजे एक एकक. माणसासाठी ते फार मोठे ठरले, म्हणून पुढे त्याचा तिसरा हिस्सा धरला गेला.

जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन मिळाले आणि ज्या आजारात मुले हमखास दगावत, त्यात ती जगू लागली. मात्र ज्याला साखर वर्ज्य, त्यालाच ती सदैव जवळ बाळगावी लागली. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, मग असंबद्ध बोलणे आणि शेवटी बेशुद्धी: ही उतरंड रुग्ण अनुभवाने शिकले. पाहणाऱ्याला तो मनुष्य प्यायलेला वाटे, आजही वाटतो.

इतिहासाची एक विचित्र गंमत: १९३० च्या दशकात व्हिएन्नाचे मानफ्रेड झाकेल मनोरुग्णांना इन्सुलिन टोचून मुद्दाम हीच बेशुद्धी आणत आणि तिला उपचार म्हणत. जगभरच्या मनोरुग्णालयांनी ती पद्धत उचलली. काही रुग्ण त्या बेशुद्धीतून परतलेच नाहीत.

ज्यांना स्वतः मधुमेह होता, त्यांनी ही भीती हसण्यावारी नेली नाही. १९३४ साली लंडनमध्ये डॉ. आर. डी. लॉरेन्स आणि लेखक एच. जी. वेल्स या दोन मधुमेहींनी रुग्णांची संघटना उभारली. मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया १९५५ मध्ये स्थापन झाली.

डॉक्टरांचे लक्ष मात्र दीर्घकाळ वाढलेल्या साखरेवरच होते. साखर उतरण्याची भीती मोजणारी प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली ती थेट १९८७ मध्ये. त्यानंतर १९९३ साली १४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर आवरली की डोळे, मूत्रपिंडे आणि नसा वाचतात, हे सिद्ध झाले. पण साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. रुग्णांची भीती निराधार नव्हती. एकदा रात्री झोपेत साखर उतरलेला माणूस पुढे मात्रा हळूच कमी करतो, निजताना जास्तीचे खातो. त्याला बेशिस्त म्हणणे सोपे आहे.

नाशिककरांना हा हिशेब श्रावणात जवळून दिसतो. तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. पोटात उपवास, पायांखाली डोंगरवाट आणि सकाळी नेहमीइतकेच टोचलेले इन्सुलिन! सशाच्या प्रयोगात चालणे तेवढे नव्हते. उपवासाआधी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी लागते, ती यासाठीच. साखर ७० च्या खाली गेली की शुद्धीवर असलेल्याने तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. उपवास तिथेच सोडावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

आणखी एक घोळ खास आपल्याकडचा. भारतात इन्सुलिनच्या बहुतेक कुप्या मिलिलिटरमागे ४० एककांच्या, तर पेनमधली कार्ट्रिज १०० एककांची. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले, तर रेघ तीच राहते आणि शरीरात अडीचपट इन्सुलिन जाते.