शाळेनंतर काय, आमच्यानंतर काय

मुंबईत १९४४ साली जय वकील आणि त्यांच्या पतीला आपल्या लेकीसाठी शाळा हवी होती. दीनाला डाउन सिंड्रोम होता. नेहमीच्या शाळेत तिचा निभाव लागणार नव्हता, आणि तिच्यासारख्यांना शिकवणारी वेगळी शाळा मुंबईत नव्हती. मग त्यांनी स्वतःच ती काढली, राहत्या घरात. शिवडीच्या टेकडीवरची आजची जय वकील शाळा त्यातूनच वाढली. दीनाच्या पेशींत एक गुणसूत्र जास्तीचं आहे, हे सांगू शकेल असा डॉक्टर तेव्हा जगात कुठेच नव्हता. जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये ते १९५९ साली दाखवून दिलं. शाळा तोवर पंधरा वर्षांची झाली होती.

त्याआधी मुंबईत अगदीच काही नव्हतं असंही नाही. चिल्ड्रन्स एड सोसायटीनं १९४१ मध्ये मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी निवासगृह सुरू केलं होतं. पण ही संस्था बाल कायद्याखाली निराधार, हरवलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या मुलांचं पाहणारी. ज्याला आईबाप आहेत ते मूल घरातच राहायचं. गावाकडं अशा मुलाला 'खुळं' म्हणून मोकळं सोडत. जरा समज असली तर गुरांमागं धाडत, नसली तर पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवत. अंगारेधुपारे व्हायचे, बाधा उतरवली जायची. 'लग्न झालं की येईल शहाणपण' हा सल्ला तर आजही पूर्ण बंद झालेला नाही, आणि त्या सल्ल्याची किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीनं मोजलेली असते.

कायद्याला या मुलांचं काही वेगळं दिसत नव्हतं. १९१२ च्या लुनसी अ‍ॅक्टनं 'वेड्या'च्या व्याख्येतच जन्मापासून बुद्धी कमी असलेल्यालाही बसवलं होतं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांची दारं दोघांनाही सारखीच. फरक करायचा तर तो मोजायचा कसा, हाही प्रश्न होताच. फ्रान्सच्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी विलायती मुलांना समोर ठेवून बेतलेली. ती इथल्या मुलाला जशीच्या तशी लावली तर भलतेच आकडे यायचे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्यानं बांधली आणि १९४० च्या सुमारास पुस्तकरूपानं मांडली. बिने-कामत चाचणी हे नाव पालकांच्या फायलींत अजूनही सापडतं. आईबापांच्या हातात त्यामुळे एक आकडा आला. त्या आकड्याचं पुढं करायचं काय, याचं उत्तर मात्र पुढची वीस वर्षं फारसं कुणाकडं नव्हतं.

पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' सुरू केली. नाशकात १९७७ साली रजनीताई लिमये यांनी 'प्रबोधिनी'. रजनीताईंचा मुलगा गौतम मतिमंद होता. दरम्यान १९७२ मध्ये मुंबईत कुलाब्याला मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटीची शाळा काढली, तीही लेकीपायीच. मालिनीला जन्मतः सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतून स्नायूंना जाणारे हुकूमच विस्कटलेले. तिला नीट शिकवणारं भारतात कुणी भेटलं नाही, म्हणून मायलेकी इंग्लंडला गेल्या. आईनं तिथं विशेष शिक्षणाचा अभ्यास केला आणि परत येऊन शाळा मांडली. नर्गिस दत्त तिच्या पहिल्या आश्रयदात्या. पुढं कोलकाता, दिल्ली, बंगळूर, चेन्नई इथंही स्पास्टिक्स सोसायट्या उभ्या राहिल्या.

त्यांच्याशिवाय अशा शाळा कितीतरी निघाल्या. बहुतेकींच्या मुळाशी एखादी आई किंवा बाप सापडतो. सरकारी योजना सापडत नाही. अनुदान आलं ते मागाहून, तेही बहुधा खेटे घालून.

या शाळांत काय शिकवत, हे बाहेरच्याला पटकन उमगत नाही. शर्टाचं बटण घ्या. काजातून बटण काढण्याचं काम सातआठ पायऱ्यांत तोडतात: काठ धरणं, काज शोधणं, बटण तिरपं करणं, अर्धं आत सारणं वगैरे. आणि शिकवायला सुरुवात शेवटच्या पायरीपासून करतात. बाकीचं सगळं बाई करून देतात, मूल फक्त शेवटचा ओढा देतं. बटण लागतं, मूल हसतं. तो ओढा बसला की त्याच्या आधीची पायरी. एका बटणाला तीन महिने लागले तरी शिक्षिकेला त्यात वावगं वाटत नाही. उद्योगकेंद्रांत हीच रीत. उटण्याच्या दहा पुड्या मोजता येत नसतील, तर फळीवर दहा चौकोन आखून देतात. सगळे चौकोन भरले की दहा झाल्या, बांधा गठ्ठा. दिवाळीआधी शहरांतल्या प्रदर्शनांत ज्या रंगवलेल्या पणत्या, आकाशकंदील आणि कागदी पिशव्या मिळतात, त्यांच्यामागं अशा आखलेल्या फळ्या असतात. गिऱ्हाईक 'तेवढीच मदत' म्हणून घेतं. माल चोख असतो, हे त्याच्या बऱ्याचदा नंतर लक्षात येतं.

उद्योगकेंद्रं निघाली ती मुलं अठरा वर्षांची झाली म्हणून. शाळेची वयोमर्यादा संपली, मुलगा पुन्हा घरी बसला, शिकलेलं विसरायला लागला. पालक परत एकत्र आले आणि 'शाळेनंतर काय' याची सोय लागली. महाराष्ट्रातल्या या चळवळीचा इतिहास असा मुलांच्या वयाबरोबर सरकत गेला आहे. सहाव्या वर्षी शाळा, अठराव्या वर्षी कार्यशाळा, आणि चाळिशीत निवारा. तोवर आईवडील सत्तरीला टेकलेले असतात, आणि मग 'आमच्यानंतर काय' हे ज्याच्या त्याच्या तोंडी येतं. या घरांमधलं ते सर्वांत जुनं वाक्य असेल. जयवंत दळवींनी 'नातीगोती' नाटकात याच घरातली घुसमट रंगमंचावर आणली आणि मध्यमवर्गीय प्रेक्षकाला ती पाहायला लावली. बदलापूरची 'आधार' ही प्रौढ मतिमंदांची निवासी संस्था तर पालकांच्या संघटनेनंच उभी केली. डाउन सिंड्रोमच्या मुलाचं आयुष्य पाश्चात्त्य देशांतही १९४० च्या दशकात जेमतेम बारा वर्षांचं धरत; आता ते साठीच्या घरात गेलं आहे. लेकरू आपल्यामागं उरेल, ही धास्ती औषधोपचार सुधारल्यामुळे आली, हे पालकांना कळतं आणि बोलता येत नाही.

निवारा म्हटलं की सगळं सुखाचं, असं मुळीच नव्हतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारमान्य वसतिगृहातल्या मतिमंद स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढं केलं गेलं. अकरा शस्त्रक्रिया झाल्या, स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि सरकारनं बाकीच्या थांबवल्या. तेव्हाची चर्चा आज वाचताना अंगावर येते. सुशिक्षित माणसं, काही पालकसुद्धा, 'त्यात काय बिघडलं?' असं विचारत होती. पाळीचं शिकवण्यासाठीही बटणासारख्याच पायऱ्या पाडता येतात आणि विशेष शिक्षिका ते करतात, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. वसतिगृहात तेवढी माणसं नेमण्यापेक्षा शस्त्रक्रिया स्वस्त, असा तो सरळ हिशेब होता. अशा स्त्रीच्या शरीराबाबतचा निर्णय तिच्या संमतीवाचून घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं चंडीगडमधल्या एका प्रकरणात २००९ साली म्हटलं. शिरूरनंतर पंधरा वर्षांनी.

शिरूर घडलं तेव्हा या स्त्रिया कुठल्या कायद्यात बसत होत्या? १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मतिमंदत्वाला मनोरुग्णतेतून स्पष्टपणे बाहेर काढलं होतं. ते योग्यच झालं. पण बाहेर काढलेल्यांना आत घेणारा दुसरा कायदा तयार नव्हता. अपंग व्यक्तींचा कायदा १९९५ साली झाला, त्यात मतिमंदत्व आलं आणि ऑटिझम राहून गेला. देशभरच्या पालकसंघटना त्याच सुमारास 'परिवार' या महासंघाखाली जमल्या होत्या. दिल्लीत मेरी बरुआ ऑटिझमसाठी भांडत होत्या. त्याही एका ऑटिस्टिक मुलाच्या आई. या सगळ्या रेट्यातून १९९९ च्या अखेरीस नॅशनल ट्रस्टचा कायदा झाला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी.

पालकांच्या दृष्टीनं त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट अगदी रुक्ष होती. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबापांचं पालकत्व कायद्यानं संपतं. मग बँकेत त्याच्या नावाचं खातं, शस्त्रक्रियेच्या संमतीची सही, आजोबांनी ठेवलेली जमीन, सगळं अडतं. नव्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती नेमली आणि पालकत्वाचा कागद तिथं मिळू लागला. दिवाणी न्यायालयाचे हेलपाटे वाचले. पुढं 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांचा आरोग्यविमाही आला.

मुलं मोठी होत होती, पण बोलत होते अजून आईबापच. अमेरिकेत ऑरेगनमध्ये १९७४ साली 'पीपल फर्स्ट' या नावानं मतिमंद म्हणवल्या जाणाऱ्यांनीच अधिवेशन भरवलं होतं आणि पाचशेहून जास्त माणसं जमली होती. आपल्याकडं तो सूर उशिरा आला. कुलाब्याच्या शाळेचं निमित्त ठरलेली मालिनी चिब झेवियर्समधून पदवीधर झाली, लंडनहून दोन पदव्युत्तर पदव्या घेऊन आली आणि तिनं एका बोटानं टंकून आत्मचरित्र लिहिलं. आईच्या संस्थेत राहून अपंगांच्या हक्कांची आघाडी तिनंच चालवली. 'परिवार'मध्येही बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा स्वतंत्र मंच निघाला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाची यादी २१ प्रकारांपर्यंत वाढवली आणि पालकत्वाबाबत वेगळाच पवित्रा घेतला. पालक नेमायचाच तर मर्यादित, ठरावीक निर्णयापुरता आणि ठरावीक काळापुरता. निर्णय पालक आणि ती व्यक्ती अशा दोघांनी मिळून घ्यायचा. बऱ्याच वृद्ध आईबापांना हे पसंत नाही. मुलाच्या सहीवर जमीन लाटणारे भाऊबंद त्यांनी पाहिलेले असतात, आणि ही भीती पोकळ म्हणता येणार नाही. १९९९ चा कायदाही रद्द झालेला नाही, त्यामुळे एकाच माणसाच्या पालकत्वाकडं दोन कायदे दोन नजरांनी पाहतात. त्या जुन्या कायद्यातल्या स्थानिक समितीवर जिल्हाधिकारी, संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे तीन सदस्य सांगितले आहेत. अपंग कोण, हे ठरवायला मूळ मसुद्यानं १९९५ च्या कायद्याकडं बोट दाखवलं. तो सदस्य त्या चार गटांतला असावा अशी अट नव्हती. आणि १९९५ च्या यादीत ऑटिझम नसल्यामुळे, ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांच्यातल्या एका गटाला निव्वळ त्या निदानावर या खुर्चीत बसताच येत नव्हतं.