माडीवरची खोली

सोपा, माजघर आणि परडें स्वतःकडे ठेवून माडीवरची एखादी खोली भाड्यानें द्यावी, ही कोल्हापुरांतील पेठांची जुनी रीत. अशी खोली देणारा गृहस्थ चाळीच्या मालकासारखा नसतो. भाडेकरू त्याच्याच जिन्यानें चढतो, त्याच्याच आडाचें पाणी भरतो. म्हणून येथें भाड्याइतकाच भरंवसाहि महत्त्वाचा. कायद्याला मात्र हा भेद उमगण्यास बराच काळ लागला.

आरंभीं प्रश्न कायद्याचा नव्हता, जातीचा होता. शिक्षणासाठीं बाहेरगांवचीं मुलें शहरांत येत. पण बिऱ्हाड कोणाला मिळावें हें पुष्कळदां जातीवर ठरे. छत्रपति शाहू महाराजांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या वसतिगृहांची मालिका उभी केली, ती यामुळेंच.

भाड्यावर निर्बंध आले ते महायुद्धांच्या टंचाईमुळें. मुंबईंत १९१८ सालीं पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला. १९४७ सालीं अधिक व्यापक कायदा आला. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि पुढें या शहरालाहि तोच कायदा लागू झाला. त्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें हें प्रमाण मानलें, आणि कायद्यांत सांगितलेल्या कारणावांचून भाडेकरूस काढण्यास मनाई केली. नाडलेल्या कुटुंबांना हा मोठाच आधार होता. परंतु भाडें गोठलें, आणि भाडेकरूच्या पश्चात् त्याच्याजवळ राहणारे कुटुंबीयहि हक्कदार झाले. तेव्हां माडीच्या भाड्यावर चरितार्थ चालविणाऱ्या एखाद्या विधवेला खोलीस कुलूप घालणेंच बरें वाटलें, तर नवल काय? १९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालेल्या शहराला असें कुलूप परवडणारें नव्हतें.

यांतून ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार रूढ झाला: ताबा मालकाचा, राहणाऱ्याला केवळ परवानगी. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं अशा करारावर राहत असलेल्यांना कायद्यानें भाडेकरूचें संरक्षण दिलें. मात्र मालक राहतो त्याच घराचा भाग परवानगीनें वापरणारा ‘पेइंग गेस्ट’ त्यांतून वगळला. राहत्या घरांतील खोली वेगळी, हें येथें मान्य झालें.

३१ मार्च २००० रोजीं अंमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें दोन्ही पक्षांना बांधून घेतलें. करार लेखी आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती चुकविल्यास अटींविषयीं राहणाऱ्याचें म्हणणें ग्राह्य धरलें जातें. उलट, मुदत संपूनहि परवान्यावर राहणारा हटला नाहीं, तर त्याला दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. एकाला खोली परत मिळण्याची खात्री, दुसऱ्याला कबूल अटींची. या दोहोंवांचून माडीचें कुलूप निघत नाहीं.

तथापि खोली कोणाला द्यावी, हें हा कायदा सांगत नाहीं. आडनांव विचारून अर्धवट उघडलेलें दार पुन्हां लावून घेण्याची संवय नोंदणीच्या कागदानें मोडत नाहीं. शाहू महाराजांनीं वसतिगृहें बांधून ज्या प्रश्नाला उत्तर दिलें, त्याचें राहिलेलें उत्तर घरमालकानेंच द्यावयाचें आहे.